जुन्या क्लबचं नवं पॅव्हिलियन: कामाचा क्रम, खेळपट्टी आणि माळ्यावरचं दप्तर

थर्डमॅन

जुन्या क्रिकेट क्लबात दोन कामं हमखास एकदमच डोक्यावर येतात. पॅव्हिलियन मोडकळीला येतं, स्क्वेअर (मैदानाच्या मधला, शेजारी-शेजारी खेळपट्ट्यांचा चौकोन) तोही दमलेला असतो. शिवाय त्याच पॅव्हिलियनच्या माळ्यावर क्लबचं सगळं दप्तर असतं: स्कोअरबुकं, सभांची इतिवृत्तं, फोटो, ढाली. पाडकाम सुरू झालं की ते गोणत्यात भरलं जातं आणि तिथून पुढे त्याचा ठावठिकाणा राहत नाही.

म्हणून बांधकाम, मैदान आणि इतिहास हे तिन्ही एकाच धाग्यात घेऊ. मुख्य प्रश्न असे: आधी काय करायचं, किती लागतं आणि कुठे घोडं पेंड खातं?

---

साइटवाला

बहुतेक समित्यांचं वेळापत्रक पॅव्हिलियनपासून सुरू होतं. चूक तिथेच होते, कारण जास्त वेळ खाणारं काम मैदानाचं असतं.

एक मजल्याचं पॅव्हिलियन धरा. पाडकाम ३ आठवडे, पाया ६, सांगाडा १०, विटकाम-प्लास्टर १०, फिनिशिंग १०, म्हणजे ३९ आठवडे. नव्या स्क्वेअरला खोदाई आणि निचरा ३ ते ४, माती थरांत भरायला ६ ते ८, हरळी धरायला १० ते १२, आणि त्यानंतर कापणी, रोलिंग, वर माती देणं, पुन्हा रोलिंग असे २० आठवडे तरी. बेरीज ३९ ते ४४. बेरजा जवळपास सारख्या दिसतात, पण एक फरक आहे. इमारतीचं काम रेटता येतं: माणसं वाढवा, दोन पाळ्या लावा. हरळीला दुसरी पाळी लावता येत नाही. भर पावसात चिकणमाती दाबता येत नाही.

म्हणून क्रिटिकल पाथवर, म्हणजे शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीवर, स्क्वेअर ठेवा आणि इमारत त्याच्याभोवती बसवा. ही पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी विकसित केली. क्लबच्या समितीला त्यातली एकच कल्पना पुरते: कुठलं काम किती लांबलं तर शेवटची तारीख हलत नाही, म्हणजेच फ्लोट. टाइल्सना फ्लोट असतो. पावसाआधी संपवायच्या मातीच्या थरांना तो जवळपास शून्य असतो.

पहिल्या सामन्याची तारीख भिंतीवर लिहा आणि तिथून उलटे मागे या.

---

गवतकरी

वरच्याला दुजोरा, आणि मातीचा हिशेब.

खेळपट्टी २०.१२ मीटर लांब, ३.०५ मीटर रुंद. दोन्ही टोकांना गोलंदाजाच्या पावलांची जागा धरून २५ मीटर भरायची. क्षेत्रफळ ७६.२५ चौ. मी. दाबून २०० मिमी जाडी हवी, तर एका पट्ट्याला, म्हणजे एका खेळपट्टीला, १५.२५ घनमीटर. सुटी माती त्याच्या साधारण १.३ ते १.५ पट लागते, म्हणजे २० ते २३ घनमीटर. सात पट्ट्यांच्या स्क्वेअरला १४० ते १६० घनमीटर. सगळी एकाच खाणीतून, एकाच वेळी उचला आणि ताडपत्रीखाली साठवा. निम्मी माती पुढच्या हंगामात आणू म्हणाल तर ती वेगळी निघते. दोन वेगळ्या माती वाळताना वेगवेगळ्या आकसतात आणि मधला सांधा सुटतो.

परीक्षेसाठी बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला दिवस किंवा जास्त लागतो. थर मोजले की अंदाज येतो. दुसरी परीक्षा गोळीची: २५ मिमीच्या गोळ्या वळून पूर्ण वाळवायच्या आणि किती वजनाला फुटतात ते पाहायचं. आधीच्या खेळपट्टीच्या मातीची गोळीही सोबत ठेवा, तुलना तिच्याशीच करायची आहे.

भरताना दाबून २५ मिमी, फार तर ३० मिमीचा थर. म्हणजे आठ थर. प्रत्येक थर रोल झाल्यावर त्याचा वरचा ५ ते १० मिमी दाताळ्यानं खरवडायचा, मग पुढचा थर टाकायचा. हे खरवडणं कंटाळवाणं आहे म्हणून गाळलं जातं. परिणाम दोन हंगामांनी दिसतो: आत पापुद्रे सुटतात, चेंडू खाली राहतो आणि समिती मैदान राखणाऱ्या माळ्याला बोल लावते.

ओलावा कळायला मातीची ३ मिमी जाडीची वळी करून बघा. तुटायच्या बेतात आली की रोलर फिरवा. हाताला चिकटत असेल तर एक दिवस थांबा. चिकट मातीवर रोलर फिरला तर वर चकाकी येते आणि आत पाणी कोंडतं.

---

मुरूम

@गवतकरी, खाली १०० मिमी खडी आणि त्यावर ५० मिमी भरड वाळू धरली असणार. त्या खडीत छिद्रांचा पाइप टाकावा की नाही?

---

गवतकरी

स्क्वेअरखालून पाइप नको. पाइपच्या रेषेवरची माती आधी वाळते. वरून सगळं सपाट दिसलं तरी त्या पट्ट्यावर चेंडू वेगळा उसळतो. पाइप स्क्वेअरच्या कडेनं चौकटीसारखा फिरवा आणि उतारानं बाहेर काढा. आउटफिल्डला, म्हणजे स्क्वेअरबाहेरच्या मैदानाला, साधारण शंभरात एक उतार पुरतो. पाणी स्क्वेअरकडे नव्हे, स्क्वेअरपासून दूर जायला हवं. हे लिहायला विचित्र वाटतं, पण वर्षानुवर्षं फक्त स्क्वेअरलाच माती देत गेल्यानं तो बशीवर उपडी वाटी ठेवावी तसा होतो आणि त्याच्या कडेला पाणी साचतं.

---

दप्तरी

वरचं सगळं मान्य, पण पहिलं फावडं मारायच्या आधीचं एक काम राहिलं. समित्या क्लबचा इतिहास म्हणजे स्मरणिकेचा मजकूर समजतात. जुनी कागदपत्रं ही आधी बांधकामाची कागदपत्रं असतात.

इतिवृत्तांत पाइप कधी टाकला, विहीर कुठे बुजवली, मॅटिंगखालची (खेळपट्टीवर अंथरायच्या चटईखालची) काँक्रीटची पट्टी कुठल्या बाजूला होती, हे ठरावांच्या भाषेत लिहिलेलं असतं. खर्चाच्या वहीत मातीच्या गाड्यांची नोंद असते. स्कोअरबुकात पावसानं रद्द झालेले आणि उशिरा सुरू झालेले सामने असतात. दहा वर्षांच्या तेवढ्याच ओळी काढल्या तर पाऊस थांबल्यावर मैदान किती दिवसांनी खेळण्याजोगं होत होतं आणि कुठल्या वर्षापासून ते बिघडलं, हे कळतं. निचऱ्याच्या आराखड्याला यापेक्षा स्वस्त सर्वेक्षण मिळणार नाही.

आणि उलट बाजूनं, क्लबच्या इतिहासाला सगळ्यात मोठा धोका पॅव्हिलियनचाच. लंडनच्या लॉर्ड्स मैदानाचं पॅव्हिलियन जुलै १८२५ मध्ये जळलं आणि तिथल्या एमसीसीचं (मेरिलबोन क्रिकेट क्लबचं) जुनं दप्तर त्यात गेलं. त्यामुळे स्थापनेचं वर्ष १७८७ मानलं जात असलं तरी नेमकी तारीख सांगता येत नाही. १८३७ मध्ये त्यांनी पन्नाशीचा सामना खेळवला, त्यावरून मागे मोजावं लागतं. एवढ्या मोठ्या क्लबची ही गत.

---

साइटवाला

भारी मुद्दा. पुरलेली काँक्रीट पट्टी ही तर नेहमीची कटकट. वर १००-१५० मिमी माती आणि खाली अख्खी फरशी. पाणी मुरत नाही, मुळं आडवी पसरतात आणि यंत्र लावल्यावर बकेटचा दात मोडतो. जुन्या वहीत पट्टीची जागा सापडली तर तिथेच एक चाचणी खड्डा घ्या. स्क्वेअरमध्ये २५ मिमी व्यासाच्या नळीनं मातीचा उभा गाभा काढून बघा, निदान प्रत्येक पट्ट्यावर तीन जागी.

---

गवतकरी

त्या गाभ्यात इतिहासच दिसतो. प्रत्येक माळ्यानं आणलेल्या मातीचा रंग वेगळा, थर वेगळा. तो बोटानं मोडला की ज्या सांध्यावर सहज तुटतो ती खोली लिहून ठेवा. तेवढ्या खोलीपर्यंत माती काढावीच लागते. सांधा ४० मिमीवर असेल तर सगळं २०० मिमी उकरण्याची गरज नाही. हे न तपासता अख्खा स्क्वेअर उकरणं म्हणजे दात दुखतो म्हणून जबडा काढणं.

---

स्लिपकॉर्डन

मैदानाच्या मापांबद्दल कोणी बोललं नाही. नवं पॅव्हिलियन "थोडंसं" पुढे येतं आणि सीमारेषा आखूड होते.

आंतरराष्ट्रीय पुरुष सामन्यांसाठी सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून ५९.४३ मीटरच्या आत नको आणि ८२.२९ मीटरच्या बाहेर नको. सीमारेषेचा दोर कुंपणापासून किमान २.७४ मीटर आत. स्थानिक सामन्यांना हे बंधन नसतं, पण मोजायला हाच पाया घ्यावा.

लोक माप स्क्वेअरच्या मध्यापासून घेतात, तिथे फसतात. सात पट्टे असतील तर कडेच्या पट्ट्याचा मध्य स्क्वेअरच्या मध्यापासून ३ गुणिले ३.०५, म्हणजे ९.१५ मीटर बाजूला असतो. तो पट्टा वापरायचा तर त्या बाजूला ५९.४३ + ९.१५ + २.७४ = ७१.३२ मीटर हवेत. दोन्ही बाजू मिळून १४२.६४. जागा कमी असेल तर पट्टे पाच करा, प्रत्येक बाजूला ३.०५ मीटर वाचतात. किंवा कडेचे पट्टे सरावापुरते ठेवा.

दिशा: खेळपट्टी शक्यतो उत्तर-दक्षिण, म्हणजे संध्याकाळचं ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नाही. पॅव्हिलियन पश्चिमेला असेल तर दुपारनंतर प्रेक्षकांच्या पाठीशी ऊन येतं.

---

मुरूम

पश्चिमेचं पॅव्हिलियन पूर्वेकडे तोंड करणार. समोर पूर्ण काच लावली तर सकाळच्या सत्रात त्याच काचेवरून सूर्य मैदानात परततो. नकाशात काच छानच दिसते. छज्जा पुरेसा बाहेर काढा किंवा काच वरून पुढे झुकती बसवा, म्हणजे प्रतिबिंब जमिनीकडे जातं. खेळपट्टीच्या रेषेत, साइटस्क्रीनच्या (फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजामागे उभ्या केलेल्या पडद्याच्या) मागे, काच अजिबात नको.

---

थर्डमॅन

छज्ज्याचा विषय निघालाच आहे तर: प्रेक्षकांपुढे खांब नकोत म्हणून बाल्कनी आणि छत कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूला धरलेलं आणि पुढे अधांतरी, असतं. त्यात काय बिघडतं?

---

साइटवाला

कॅन्टिलिव्हरमध्ये मुख्य सळई वर असते, कारण ताण वरच्या अंगाला येतो. ओतकामाच्या दिवशी माणसं तिच्यावरूनच चालतात आणि ती खाली दबते. २०० मिमी जाडीच्या स्लॅबमध्ये सळईपर्यंतची उपयोगी खोली १७० मिमी धरलेली असते. सळई ४० मिमी दबली की ती १३० उरते आणि ताकद जवळपास पाव भागानं घटते. बाहेरून काही दिसत नाही. वर्षभरात टेकाच्या रेषेवर वरून चीर पडते आणि लोक तिच्यात सिमेंट भरतात.

उपाय साधे: सळई वर धरून ठेवणाऱ्या चेअर मीटरभरापेक्षा कमी अंतरावर, चालण्यासाठी फळ्या वेगळ्या टेकांवर, आणि ओतण्याच्या अर्धा तास आधी टेपनं खोली मोजून सही.

टेकू काढताना मोकळ्या टोकापासून सुरू करून भिंतीकडे यायचं. उलटं केलं तर टोकाचा टेकू राहतो, स्लॅब दोन्हीकडे टेकल्यासारखा वागतो आणि जिथे खालची सळई नाही तिथे तडकतो.

मुदती भारतीय मानक ४५६ मध्ये आहेत: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्यापुढे १४. तुळई ६ मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. हे साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी. फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं सिमेंट हळू पकडतं, तिथे मुदत वाढवा. काँक्रीटवर पाणी मारणं साध्या सिमेंटला ७ दिवस, मिश्र सिमेंटला १०. वेळापत्रकात हे दिवस "काम नाही" म्हणून दिसतात आणि घाईत पहिली कात्री त्यांनाच लागते.

---

गवतकरी

काँक्रीटच्या गाड्या कुठून येणार तेही आताच ठरवा. २०० चौ. मी. चा १५० मिमी स्लॅब म्हणजे ३० घनमीटर, सहा घनमीटरच्या पाच गाड्या. एका गाडीत नुसतं काँक्रीटच साडेचौदा टनांच्या आसपास. ती ओल्या आउटफिल्डवरून एकदा गेली की चाकाखाली माती हातभर खोल दाबली जाते. वरचा खड्डा भरता येतो, खाली दाबलेलं सुटत नाही, आणि पुढे दर पावसात तिथे दोन समांतर डबकी दिसतात. रस्ता सीमारेषेबाहेरून काढा. जागाच नसेल तर कापडी जाळीवर २०० मिमी खडी टाकून तात्पुरता रस्ता करा आणि काम झाल्यावर कापडासकट उचला. कापड नसेल तर खडी मातीत मिसळते.

मैदान नको त्यांच्या पायाखाली गेल्याचं दुखणं जुनंच. मुंबईत १८८० च्या दशकात पोलोच्या घोड्यांच्या टापांनी मैदान उखडतं म्हणून हिंदी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केले होते.

---

दप्तरी

आणि ते अर्ज झाले म्हणून तो काळ आज कळतो! विजयाच्या बातम्या कुठेही सापडतात. मैदान कसं होतं हे तक्रारींच्या पत्रव्यवहारातून कळतं. जागेचे करार, पाण्याच्या जोडणीचे अर्ज, शेजाऱ्यांच्या फुटलेल्या काचांची पत्रं, ही बंडलं रद्दीत पहिली जातात. तीच आधी उचला.

---

हलकारोलर

इमारतीच्या कामातून मैदानाला होणाऱ्या छोट्या इजा:

बाइंडिंग वायरचे तुकडे आणि खिळे गवतात जातात, मोव्हरची पाती जातात, क्षेत्ररक्षकाचा गुडघा जातो. दर आठवड्याला चुंबकाची पट्टी ओढायची आणि शेवटी संपूर्ण आउटफिल्डवर दोनदा, उभी-आडवी. प्लास्टरचं धुण्याचं पाणी मैदानाच्या बाजूला सोडायचं नाही, चुन्यानं माती अल्कधर्मी होते. पायाची खोदलेली माती "उद्या उचलतो" म्हणून आउटफिल्डवर टाकली जाते, तिच्याखालचं गवत दोन आठवड्यांत पिवळं. स्क्वेअरभोवती तीन मीटर सोडून कुंपण, आणि त्याची किल्ली माळ्याकडे, कंत्राटदाराकडे नाही.

सगळ्यात हमखास चूक पाण्याची. पंपघर जुन्या पॅव्हिलियनला चिकटून असतं. पहिल्या दिवशी तेच पाडतात आणि नुकती लावलेली हरळी कोरडी पडते. एका पट्ट्याला २५ मिमी पाणी द्यायचं तर १,९०० लिटर, सात पट्ट्यांना तेरा हजारांवर. एवढं पाणी बादलीनं घालता येत नाही. पाडकामाआधी टाकी, पंप आणि वीज स्वतंत्र जागी चालू करून दाखवा, मगच पहिला घण.

---

स्लिपकॉर्डन

खोल्यांबाबत थोडक्यात. दोन्ही संघांच्या खोल्या सारख्याच मापाच्या. पंचांची खोली वेगळी. धावलेखकांना दोन्ही पंच दिसायलाच हवेत, कारण पंचाच्या खुणेला पोच देणं हे नियमानं त्यांचं काम आहे. त्यांच्यापुढे खांब, झाड किंवा कठड्याची आडवी पट्टी नको. रोलरच्या शेडला तीन मीटरचं दार आणि पायरीऐवजी उतार. दोन टनांचा रोलर पायरी चढत नाही, हे नकाशा काढणाऱ्याला दर वेळी सांगावं लागतं.

---

थर्डमॅन

दप्तरी, दप्तर हलवायचं प्रत्यक्षात कसं? आणि भिंतीतल्या कोनशिलेचं काय?

---

दप्तरी

पाडकामाच्या किमान दोन महिने आधी सुरुवात करा. वस्तू हलवण्याआधी तिच्या जागेवरच फोटो आणि नोंद: क्रमांक, काय आहे, कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीवर. क्रमांक मऊ पेन्सिलीनं, फोटोच्या मागे कडेला. बॉलपेन नको, दाबाची रेघ पुढून उमटते. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. ते परत निघत नाही. ओलसर वह्या उन्हात नको, पंख्याखाली पानांमध्ये टीपकागद घालून वाळवा. पत्र्याच्या पेटीत घालण्याआधी पूर्ण कोरड्या हव्यात. स्कॅन ३०० किंवा ४०० डीपीआयला, कोऱ्या पानांसकट, कारण कोऱ्या पानांवरच कोणीतरी मातीचा हिशेब लिहिलेला असतो. प्रती दोन, दोन वेगळ्या इमारतींत.

सन्मानफलक भिंतीवर असतानाच रात्री बाजूनं तिरपा उजेड टाकून फोटो घ्या. रंगवून बुजवलेली जुनी अक्षरं उठून दिसतात. एखाद्या वर्षाचा कर्णधार का बदलला गेला याचा शोध तिथून सुरू होतो.

कोनशिला पुढून छिन्नीनं काढू नका. सांध्यात मारलेली छिन्नी दगडाची कडच उडवते. मागची भिंत सोडवून, चारही बाजूंनी ५० मिमी चुना-सिमेंट राहू देऊन करवतीनं कापा आणि उभी ठेवूनच न्या. आडवी उचलली तर स्वतःच्या वजनानं मधोमध तुटते.

---

मुरूम

स्थापनेच्या वर्षावरून भांडणं होतात, त्याचं?

---

दप्तरी

तीन वेगळी वर्षं असतात आणि तिन्ही लिहायची: पहिल्या सामन्याचा पुरावा, क्लबच्या नावानं पहिली सभा, आणि नोंदणी. कोलकात्याचा क्लब १७९२ चा, मुंबईच्या पारशांचा ओरिएंटल १८४८ चा, असं आपण एका आकड्यात बोलतो, पण आपल्या क्लबच्या फलकावर एकच आकडा हवा असेल तर तो कशाचा ते शेजारी लिहावं. ढालीवर कोरलेलं वर्ष स्पर्धेचं असतं, क्लबचं नव्हे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

---

स्लिपकॉर्डन

आणि टोकांची नावं. जुन्या स्कोअरबुकात "पॅव्हिलियन एंड" लिहिलेलं असतं. पॅव्हिलियन हललं की तेच शब्द दुसऱ्या टोकाला लागू होतात.

---

दप्तरी

अगदी. म्हणून जुन्या इमारतीचे चारही कोपरे पाडण्याआधी मोजून घ्या, मधल्या पट्ट्याच्या दोन्ही मधल्या स्टंपांपासून. दोन अंतरं आणि कोपरा स्टंपांच्या रेषेच्या कुठल्या बाजूला ते लिहिलं की तो केव्हाही परत शोधता येतो. तो नकाशा नव्या स्कोअरबुकाच्या पहिल्या पानाला आतून शिवून टाका, डिंक नको. खाली एक ओळ: या तारखेपर्यंत पॅव्हिलियन एंड म्हणजे उत्तर टोक, इथून पुढे दक्षिण.

---

गवतकरी

त्याच पानावर मातीची खाण, थरांची संख्या आणि शेवटची गोळी किती वजनाला फुटली तेही लिहा. पंधरा वर्षांनी गाभा काढणाऱ्याला तेच शोधायचं असतं.